पन्हळीतल्या गारांचं वजन

सकाळी सात वाजता मी आमच्या छताच्या कठड्यावरून ओणवी होऊन शेजारच्या गोडाऊनच्या पन्हळीत फूटपट्टी खुपसली, तेव्हा ती बारा इंच आत गेली आणि तरी बुडाला लागली नाही. मग झाडूचा दांडा घातला. चौदा इंच.

आदल्या दिवशी साडेचारच्या सुमारास रायपूरवर गारपीट झाली होती. फेब्रुवारी नुकताच लागला होता. आधी पाऊस, मग वीसेक मिनिटं गारा. बहुतेक सुपारीएवढ्या, काही त्याहून मोठ्या. गुढ़ियारीतल्या आमच्या गल्लीत लोकांनी घमेल्यांनी गारा बाजूला केल्या. पोट्ट्यांनी गोळे करून एकमेकांना मारले. दुसऱ्या दिवशी ऊन निघालं असतं तर दहा वाजेपर्यंत सगळं वाहून गेलं असतं. पण ऊन निघालं नाही. आभाळ भरलेलं, उत्तरेचा गार वारा आणि मधूनमधून बुरबुर. उघड्यावरच्या गारा विरघळल्या, सावलीतल्या राहिल्या.

मी हवामान खात्यात ऑब्झर्वर होते. ऑब्झर्वर म्हणजे जी ठरलेल्या वेळी बाहेर जाते, तापमान, वारा, पाऊस, ढग पाहते आणि लिहून पुढं पाठवते. अंदाज आम्ही सांगत नाही, ते काम दुसऱ्या माणसांचं. तेहतीस वर्षं मी हेच केलं. त्या दिवशी माझा वीकली ऑफ होता.

शेजारच्या गोडाऊनला तेव्हा एकाला एक लागून दोन टिनाची छप्परं होती. दोन्ही आतल्या बाजूला उतरायची आणि मधोमध पन्हळ होती, म्हणजे दोन्हीकडचं पाणी वाहून नेणारी लोखंडी नाली. पन्हळीचं मागचं टोक आमच्या कठड्याला टेकलेलं. हात घातला तर पोचायचा. दोन्ही छप्परांवरच्या गारा घसरून या पन्हळीत जमल्या होत्या. गारांनी झोडपलेला कडुलिंबाचा पाला पाणी जायच्या तोंडात बसला होता. तोंड बंद. पुढच्या टोकापर्यंत पांढरा पट्टा दिसत होता.

मी खालून लिटरचा रिकामा डबा आणला. दुधाच्या पावडरचा. पन्हळीत तळापर्यंत खोचून काठोकाठ भरला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. डब्याचं वजन वजा केल्यावर सहाशे ग्रॅम.

यजमान चहा पीत बसले होते. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून त्यांची सकाळ लांबली होती.

"आज ड्युटी नाही ना तुही? मंग काहून मोजून राहिली?"

मी म्हटलं, "पाहून राहिली फक्त."

खरं सांगायचं तर मला हौस आली होती. ट्रेनिंगमध्ये आम्हाला बर्फ मोजायला शिकवलं होतं. डोंगरी स्टेशनांवर बर्फाची नुसती उंची मोजत नाहीत, त्याचं वजनही करतात. फूटभर बर्फ पडला म्हणजे फूटभर पाणी नव्हे. ताजा बर्फ पोकळ असतो. तो वितळला तर किती पाणी होईल, हा आकडा महत्त्वाचा. परीक्षेत मी ते उत्तर बरोबर लिहिलं होतं आणि त्यानंतर जन्मात बर्फ पाहिला नव्हता. छत्तीसगढमध्ये कुठून पाहणार? आता चौदा इंच माझ्या कठड्याशी आला होता, तर मी वही काढली.

सहाशे ग्रॅमचा अर्थ असा की डब्यात निम्म्याहून थोडी जास्त गार होती आणि बाकी हवा. चौदा इंचांचा पट्टा म्हणजे साडेआठ इंच पाण्याएवढं ओझं. बरंच होतं. पण रात्रभर छपरानं ते पेललं होतं.

डबा मी परत कठड्यावर नेऊन ठेवला आणि घरच्या कामाला लागले.

दहा वाजता पुन्हा गेले. दांडा तेरा इंच गेला. इंचभर कमी. दुसरा डबा भरला, वजन केलं. आठशे ग्रॅम.

मला वाटलं, काटा चुकला. पुन्हा भरला. तेच.

मग मी छपराकडे नीट पाहिलं. वरच्या उतारांवर अजून थोड्या गारा चिकटून होत्या. त्या हळूहळू वितळत होत्या आणि ते पाणी पन्हळीत उतरत होतं. बुरबुरीचं पाणीही तिथंच. तोंड बंद असल्यामुळं ते कुठं जाणार? गारांच्या मधल्या पोकळीत भरत होतं. भिजवलेल्या तांदळासारखं. पट्टा वरून खचत होता, म्हणून पाहणाऱ्याला वाटणार की बर्फ कमी होत आहे. ओझं मात्र वाढत होतं. तेराला ०.८नं गुणलं तर साडेदहा इंच पाणी निघत होतं. तीन तासांत दोन इंच जास्त.

आता माझी हौस संपली.

गोडाऊनमध्ये त्या पन्हळीच्या बरोबर खाली दहा-बारा बाया डाळ निवडायला बसत. उजेड तिथं चांगला पडायचा, कारण मध्ये दोन पत्रे काचेसारखे पारदर्शक होते. त्यांची मुकादम बिसाहिन बाई. पन्नाशीची, कमी बोलणारी. आणि गोडाऊन सांभाळायला देवांगन. शेठ बहुतेक बाहेरगावी असायचा, सगळं देवांगनच पाहायचे. सरळ माणूस. आमच्याकडे पाणी आलं नाही तर स्वतः पाइप जोडून द्यायचे.

मी त्यांना छतावर बोलावलं. त्यांनी कठड्यावरून पाहिलं आणि हसले.

"मॅडम, बरफ तो कम हो रहा है. कल यहाँ तक था."

मी त्यांना वही दाखवली. उंची कमी, वजन जास्त, का ते सांगितलं. ते ऐकत होते, मान हलवत होते. शेवटी म्हणाले की पावसाळ्यात याहून जास्त पाणी येतं आणि छप्पर जागचं हलत नाही. मी म्हटलं, पावसाळ्यात पाणी येतं आणि जातं, थांबत नाही. त्यांनी एक लांब बांबू आणून पन्हळीचं तोंड उघडायचा प्रयत्न केला. पण खालचा थर रात्रीत एकमेकांना चिकटून दगडासारखा झाला होता. बांबू मोडला. कोणाला पन्हळीत उतरवायचं म्हणजे त्या ओझ्यात भर. तो विचार त्यांनी स्वतःच सोडला.

मी ऑफिसला फोन लावला. आमचे इन्चार्ज राव साहेब. शांत, नियमात चालणारे. त्यांनी सगळे आकडे विचारले, दोनदा विचारले. मग म्हणाले की मोजणी मला ठीक वाटते. पण इमारत पडेल की नाही हे सांगणं आपलं काम नाही, त्याला इंजिनीअर लागतो. खात्याच्या नावानं तुम्ही कोणाला चेतावणी देऊ नका. जे पाहिलं ते सांगा.

ते चूक बोलले असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या छपराचे खांब किती जाडीचे आहेत हे मला माहीत नव्हतं. ते किती पेलतील, हेही नाही. मी नगर निगमला फोन केला. शहरभर झाडं पडली होती. संध्याकाळपर्यंत माणूस पाठवतो म्हणाले.

बारा वाजता तिसरी मोजणी. उंची बारा इंच. डबा साडेनऊशे ग्रॅम. म्हणजे आता डब्यात हवा उरलीच नव्हती. पन्हळीत गारांचा ढीग राहिला नव्हता, गारांनी भरलेलं तळं झालं होतं. साडेअकरा इंच पाणी. आणि आतून पत्र्याचा टक्, टक् असा आवाज येत होता. तो सकाळी नव्हता.

मी सकाळचा डबा आणि आत्ताचा डबा उचलला आणि खाली गेले.

सकाळच्या डब्यातल्या गारा आतापर्यंत पूर्ण वितळल्या होत्या. पाणी निम्म्याच्या जरा वर. आत्ताचा काठोकाठ, थोडा हिंदकळत होता. मी दोन्ही बिसाहिन बाईसमोर ठेवले. म्हटलं, हा सकाळी सातचा, हा आत्ताचा. दोन्ही इथूनच काढले, आणि वर बोट दाखवलं. तिनं एक डबा एका हातात घेतला, दुसरा दुसऱ्या हातात. क्षणभर तोलून पाहिले. मग मान वर करून पत्र्याकडे पाहिलं.

"गरू होगे," ती म्हणाली. जड झालं.

तिनं मला दुसरं काही विचारलं नाही. बायांकडे वळून एवढंच बोलली, "चलव ओ, बाहिर निकलव." बाया सुपं तशीच ठेवून उठल्या. पाच मिनिटांत सगळ्या समोरच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसल्या.

देवांगन जरा नाराज झाले. मला बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर दिसत होतं. शेठला काय सांगायचं, हा त्यांचा प्रश्न. शटरजवळ उभे राहून त्यांनी मला हिंदीत विचारलं की नक्की काय होईल. मी म्हटलं, "क्या होगा ये मैं नहीं बता सकती, भैया. वज़न सुबह से बढ़ रहा है, इतना पक्का है."

त्यांनी "हव" म्हटलं, म्हणजे हो. मीही घरी आले. मला वाटलं, मी सांगितलं.

एक वाजून गेला होता. मी यजमानांना भात वाढत होते. आवाज आला तो स्फोटासारखा नव्हता. लांबच लांब पत्रा फाडल्यासारखा, आणि मग एकदम पाणी ओतल्यासारखा. यजमान ताटावरून उठले. आम्ही खाली धावलो.

पन्हळीचा मधला तीसेक फूट भाग वाकून खाली आला होता. बाया बसायच्या ती जागा दिसतच नव्हती. पत्रे, लोखंड, आणि पांढऱ्या गारांचा चिखल. ओट्यावरच्या बाया उभ्या राहिल्या होत्या. बिसाहिन बाई मोजत होती. सगळ्या होत्या. मग ती म्हणाली, देवांगन भैया आत आहेत.

जेवणाची वेळ झाली होती. बायांचे डबे आत राहिले होते. त्या परत आत जायला तयार नव्हत्या, म्हणून देवांगन स्वतः डबे आणायला गेले. दोन खेपा झाल्या होत्या. तिसऱ्या खेपेला पन्हळ खाली आली.

गल्लीतल्या हमालांनी त्यांना पंधरा मिनिटांत बाहेर काढलं. शुद्धीवर होते. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला होता आणि सगळं अंग गारठलेलं, कारण गारांच्या पाण्यात पडून होते. थंडीनं दात वाजत होते. माझ्या यजमानांनी त्यांना आपलं स्वेटर घातलं आणि ऑटोतून दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर गेले. राव साहेबांनी लेखी टिपण मागितलं. मी अर्ध्या पानात लिहून दिलं. तीन वेळा, तीन उंच्या, तीन वजनं, शेवटी छप्पर कोसळल्याची वेळ. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, मोजणी चांगली आहे. खरंच चांगली होती. इतकी व्यवस्थित मोजणी मी ड्युटीवर असतानाही क्वचित केली असेल. त्या टिपणाची प्रत घेऊन मी माझ्या खुर्चीवर येऊन बसले आणि दहाची नोंद पाठवायला पहिल्यांदाच मला उशीर झाला.

चार दिवसांनी दवाखान्यात गेले. पायात प्लेट घातली होती. त्यांची बायको बाजूला संत्री सोलत होती. देवांगन मला पाहून उठायला लागले, मी बसवलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग ते सहज म्हणाले, तक्रारीचा सूर अजिबात नव्हता.

"मॅडम, आपने वज़न बताया था. अंदर मत जाना, ये नहीं बताया."

बिसाहिन बाईला मी डबे हातात दिले होते, म्हणून तिला कळलं. देवांगनना मी आकडा दिला. त्यांनी आमच्या छतावरून पाहिलं, बर्फ कालपेक्षा कमी दिसला, आणि त्यांच्या हिशेबानं धोका उतरला होता. वितळताना उंची आधी कमी होते, ओझं बरंच नंतर. हे मला माहीत होतं. त्यांना ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. आणि मला खात्याच्या नावानं चेतावणी द्यायची मनाई होती, शेजारीण म्हणून "आत जाऊ नका" म्हणायला कोणी अडवलं नव्हतं. इतक्या वर्षांत मी पाहणं आणि त्यावरून काही सांगणं यांच्यात इतकं अंतर ठेवायला शिकले होते, की घरी असतानाही ते सुटलं नाही.

गोडाऊनचं छप्पर नंतर एकाच उताराचं झालं. मध्ये पन्हळ नाही. देवांगन तीन महिन्यांनी कामावर आले. पाय थोडा ओढत चालतात. बिसाहिन बाई आणि तिच्या बाया आता शटरजवळच्या उजेडात बसतात.

त्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी पश्चिमेकडून काळं आभाळ उठलं. मी छतावरून वाळत घातलेले पापड गोळा करत होते. देवांगन खाली विजेच्या खांबाला टेकून फोनवर बोलत होते. ढगाच्या खालच्या कडेला धूळ उठताना मला दिसली.

"भैया, खांबापासून हटा. आत जा," मी वरून ओरडले. घाईत मराठीतच.

ते आत गेले. का, हे विचारलं नाही. पाच मिनिटांनी वारं आलं, धूळ उडवून निघून गेलं. खांब जागच्या जागी होता. काहीच पडलं नाही. देवांगन बाहेर आले, खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हसले.

माझा अंदाज साफ चुकला होता. मी पापड घेऊन खाली गेले.