प्रत्येक फोटोत आत्याचं बोट

देवाशी माझं कधी भांडण नव्हतं, पण फारसं येणं-जाणंही नव्हतं. संगमनेरला एका शाळेत मी विज्ञान शिकवते. सकाळी घाईघाईत देवापुढे दिवा लावायचा आणि पहिल्या तासाला पळायचं, एवढीच आमची ओळख. त्यामुळे हे लिहिताना जरा संकोचच वाटतो आहे. कुणाला यात देवीची कृपा दिसेल, कुणाला नुसता माझा वेंधळेपणा. वेंधळेपणा तर होताच, तो आधीच कबूल करून टाकते.

माझी आत्या प्रवरेकाठच्या एका गावात राहते. तिथल्या बायकांचं भजनी मंडळ तिनं उभं केलं. दर मंगळवारी देवीच्या देवळात बायका जमतात आणि गातात ती सगळी गाणी आत्याची स्वतःची. ती चौथीपर्यंत शिकलेली, पण शेतात खुरपताना जे सुचायचं ते संध्याकाळी पेन्सिलीनं एका जाड वहीत उतरवून ठेवायची. चाळीसेक वर्षं हे चाललं. अलीकडे वहीला वाळवी लागली, पानं सुटायला लागली, आणि काचबिंदूनं आत्याची नजरही जवळजवळ गेली. देवाचं लिखाण रद्दीत घालायचं नाही, वाहत्या पाण्यात सोडायचं, ही आमच्याकडची रीत. आत्या म्हणाली, "माझ्यामागं कुनी कुठं बी टाकंल. त्यापरीस मीच माझ्या हातानं सोडते. पर आधी तू समद्या पानांचं फोटो काढून घे. न्हाईतर मंगळवारी बाया गानी कुठनं म्हनतील?"

मोबाईलच्या फोटोत ती फिकट अक्षरं उमटत नव्हती. म्हणून माझी मुलगी पुण्याला नोकरीला जाताना जो कॅमेरा कपाटात ठेवून गेली होती, तो मी बाहेर काढला. दोन-तीन वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. चालू केला की तो दरवेळी तारीख आणि वेळ विचारायचा, आणि मी दरवेळी बटण दाबून त्याचा प्रश्न उडवून लावायची.

एका रविवारी आम्ही दोघी ओसरीवर बसलो. आत्या पान उलटायची, वाऱ्यानं उडू नये म्हणून खालच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायची आणि मी फोटो काढायची. प्रत्येक फोटोत ते बोट यायचं. "आत्या, बोट काढ ना गं!" मी म्हणायची. "काढते की," ती म्हणायची, आणि पुढच्या पानावर पुन्हा तेच. दीडशेच्या वर पानं होती, मी अगदी वैतागून गेले होते. शेवटचं पान होतं न होतं तोच बॅटरी संपली. आत्यानं दोनदा विचारलं, "नीट आलेत का बघितलंस का?" मी म्हटलं, "आत्या, मी पोरांना शिकवते, एवढं कळतं मला."

नदीला धरणाचं पाणी सुटलं होतं. दोन दिवसांत ते ओसरलं असतं आणि पुन्हा नुसती वाळू उरली असती, म्हणून त्याच दुपारी आम्ही घाटावर गेलो. आत्यानं वहीला हळदकुंकू वाहिलं, ती कपाळाला लावली आणि पाण्यात सोडली. पानं सुटी होऊन वळणापर्यंत दिसत राहिली. मला गलबलून आलं, पण फोटो आहेत या विचारानं मी स्वतःला सावरलं.

घरी येऊन कार्ड कॉम्प्युटरला लावलं. मुलीचे हजारभर फोटो तारखेप्रमाणे ओळीनं लागलेले. नवे असतील म्हणून मी थेट शेवटी गेले. तिथे मुलीच्या मैत्रिणींनी तिला दिलेल्या निरोपाचे फोटो होते, आणि त्यापुढे काहीच नव्हतं. बॅटरी चार्ज करून कॅमेऱ्यात पाहिलं, तिथेही शेवटी तोच निरोप. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, आता त्या कार्डावर एकही फोटो काढू नकोस आणि काही पुसू नकोस. शनिवारी मी येते, मग बघू." पण शनिवार फार लांब होता. मी देवापुढे जाऊन बसले. वर्गात मी शिकवते की काहीच नाहीसं होत नाही, फक्त रूप बदलतं. त्याचा त्या दिवशी मला काडीचाही उपयोग झाला नाही. "फोटो परत दे, मी दर मंगळवारी देवळात येईन," असा सौदा मी देवीपुढे मांडला आणि माझी मलाच लाज वाटली.

बुधवारी अर्धी रजा टाकून, कॅमेरा पर्समध्ये घालून मी गावी गेले. आत्या शेंगा फोडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, आपण नीट पाहिलं नाही हेही सांगितलं, आणि लहान मुलीसारखी रडले. आत्याचे हात थांबले.

मग ती म्हणाली, "वही सोडताना मी देवीला म्हनलं हुतं, आई, तुझं तुला दिलं. आता तिला ठिवायचं आसंल तर ठिवंल. तू कशापायी धरून बसलीस?" आणि हातातलं घड्याळ काढून तिनं माझ्यापुढं धरलं. "हे बंद पडलंय बघ. काटं काय मला दिसत न्हाईत, पर कानाला लावलं की टिकटिक ऐकू येती, बरं वाटतं. तेवढा सेल टाकून आन."

मला खरं तर रागच आला. इथे चाळीस वर्षांची गाणी गेली आणि हिला घड्याळाचं पडलंय! पण परतीच्या एसटीत तो राग हळूहळू निवला. डोळे मिटून मीही मनात म्हटलं, तुझं तुला. या वेळी काही मागितलं नाही.

बसस्टँडजवळ घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांचं छोटं दुकान आहे. पर्समधून घड्याळ शोधताना मी कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला. बटण दाबलं गेलं असावं, तो चालू झाला आणि सवयीप्रमाणे तारीख विचारू लागला. काकांनी चष्मा वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"ताई, ह्याचं बी घड्याळ बंद पडलंय. आतला बारका सेल गेलाय. हा तर लई जुनं साल दाखवतोय."

"त्यातले फोटो गेलेत हो काका," मी म्हटलं. "शेवटी पाहिलं, काही नाही."

"मग शेवटाला कशाला बघता? जुनी तारीख पडली आसंल तर पार पयल्यांदा आसतील. सुरुवातीपासून बघा की."

मी पहिल्या फोटोवर गेले. पेन्सिलीतली फिकट अक्षरं, पिवळं पान, आणि कोपऱ्यात आत्याचं बोट. पुढचं पान, पुन्हा बोट. सगळी पानं होती. मी तिथेच काउंटर धरून रडले, आणि काकांनी काही न विचारता स्टूल पुढे सरकवलं. ते काका काही अंतर्धान पावले नाहीत. आजही तिथेच बसतात, आणि मला पाहिलं की हसतात.

मी तिथूनच फोन लावला. "आत्या, सापडले! सगळे आहेत!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "व्हय का," आत्या म्हणाली. "आन् घड्याळ चालू झालं का?"

शनिवारी मुलगी आली, तिनं सगळी पानं मोठ्या आकारात छापून आणली. बोटं कापून टाकू का, असं तिनं विचारलं होतं. मी नको म्हटलं. आता दर मंगळवारी मी गावी जाते. सौदा म्हणून नाही, जावंसं वाटतं म्हणून. माझा गळा बेसूर आहे, पण आत्याला दिसत नाही, म्हणून मी ओळ वाचते आणि बायका ती उचलतात. पहिल्या मंगळवारी देवीपुढे मी छापलेलं पान आत्याच्या मांडीवर ठेवलं. काही वारा नव्हता, तरी तिचा हात सवयीनं खाली सरकला आणि तिचं बोट कोपऱ्यातल्या त्या छापलेल्या बोटावर जाऊन टेकलं.

"वाच," ती म्हणाली. "धरलंय मी."