मास्तरीणबाईचा कूलर

मे महिन्यात नागपुरात कूलर बंद ठेवणारं घर एक तर रिकामं असतं, नाही तर वेडं. तुळसाबाईचं घर दोन्ही नव्हतं. तरी तिचा पत्र्याचा कूलर खिडकीशी चादर पांघरून बसलेला, आणि आत कोंबडीचं भूत आहे म्हणून गल्ली हसत असलेली.

कोंबडी मात्र खरी होती. तिचं नाव मास्तरीण. छाती काढून, मान तिरपी करून अंगणात अशी फिरायची की येणारा-जाणारा आपसूक शर्टाची गुंडी लावायचा. तुळसाबाईचा नवरा धोंडबा, जन्मभर कळमन्याच्या मार्केटात पोती वाहिलेला माणूस, तिथले सांडलेले तांदूळ हिच्यासाठी झाडून आणायचा. बायकोला त्याने कधी गजरा आणला नाही, हे सगळ्या गल्लीला पाठ होतं.

गेल्या हिवाळ्यात जवळच्या एका पोल्ट्रीत बर्ड फ्लू निघाला. पांढरे झगे घातलेली माणसं घरोघरच्या कोंबड्या नेऊ लागली. हा रोग माणसालाही लागतो, मेल्या कोंबडीला हात लावू नका, असं भोंग्यावरून सांगत होती. तुळसाबाईने बाकीच्या कोंबड्या मुकाट्याने दिल्या. मास्तरीण तेवढी कूलरमध्ये कोंबली. थंडीत कूलरमध्ये डोकावतं कोण?

झगेवाले अंगणात असताना आतून पत्र्यावर नखं घासल्याचा आवाज आला. तुळसाबाईने टीव्ही मोठा केला. ते गेले, तोवर नखंही थांबली होती. कूलर उघडला तर मास्तरीण मान टाकून पडलेली, तुरा निळा पडलेला. धोंडबाने तिला उघड्या हातांनी उचललं, पिसं सारखी केली आणि कढीपत्त्याखाली पुरलं.

"रडू नको वं," तो म्हणाला, "मास्तरीण रिटायर झाली."

मग त्यालाच ताप चढला. खोकला झाला, दम लागू लागला. सरकारी दवाखान्यात मिनल नावाच्या तरुण डॉक्टरणीने विचारलं, घरी कोंबड्या होत्या का? सगळ्या सरकारने नेल्या, तुळसाबाईने सांगितलं. खरं बोललं तर गल्लीत रोग हिनंच आणला म्हणतील, ही धास्ती. पण बाहेर बाकड्यावर बसली आणि पुन्हा तो आवाज. पत्र्यावर नखं. तिने बाकड्याखाली पाहिलं, मागे पाहिलं. कुठेच काही नाही. उठून धोंडबाच्या खाटेशी गेली, तेव्हा कळलं. आवाज त्याच्या छातीतून येत होता.

डॉक्टरणीने आता त्यालाच विचारलं, एखादी मेलेली कोंबडी हाताळली होती का? धोंडबाने बायकोकडे पाहिलं आणि तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"आमच्या घरी कुठची कोंबडी, मॅडम? ही तर मलेच दाणे टाकत नाही."

एवढ्या थट्टेनेही त्याचा जीव कासावीस झाला. मिनल हसून वळणार, तोच तुळसाबाईने तिची बाही धरली.

"होती, मॅडम. कूलरात लपवली होती मी. मेली तं यायनं उघड्या हातानं पुरली."

डॉक्टरणीचं हसू गेलं. धोंडबाला वेगळ्या खोलीत हलवलं, घशातला नमुना पाठवला, रिपोर्टची वाट न पाहता दुसरी औषधं सुरू केली. रिपोर्टही बर्ड फ्लूचाच आला. मग साऱ्या गल्लीचे घसे तपासले. बाकी कोणाला काही निघालं नाही, म्हणून गल्लीने तिला माफ केलं. थट्टा मात्र सोडली नाही. शेजारचा रुपराव अजून विचारतो, "काहून वहिनी, मास्तरीण आतमंदी शिकवून राहिली का?"

ती दाराला ओली चादर टांगते आणि धोंडबाला वारा घालते. तो घरी आला, पण छाती पहिल्यासारखी राहिली नाही.

"चालू कर ना वं," एका दुपारी तो घामाघूम होऊन म्हणाला. "भूत तं भूत. गार तरी वाटंल."

तिने ओलं फडकं त्याच्या छातीवर ठेवलं.

"कूलरच्या घरघरीत तुमचा श्वास ऐकू येत नाही मले."

गल्लीभर कूलर गरजत होते. तुळसाबाईने हातपंखा खाली ठेवून त्याच्या छातीला कान लावला. खरखर. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा.