कोलोंबाची सातवी खिडकी

आमच्या कालामोऱ्यात समुद्राकडं तोंड करून उभ्या असलेल्या घरांना जेवढ्या खिडक्या दिसतात तेवढ्या नसतात. निम्म्या जोमोनं रंगवलेल्या आहेत. झडपांच्या पट्ट्या, बिजागऱ्या, कठड्याखालची सावली, सगळं चुन्यावरचं. खोली भाड्यानं घेऊन राहणारे परदेशी पाव्हणे बंदराच्या धक्क्यावर उभे राहून मान मोडेस्तोवर वर बघतात, आणि खरी कुठली, खोटी कुठली ह्यात हटकून चुकतात. एकदा एक कबुतर रंगवलेल्या कठड्यावर बसायला गेलं, भिंतीवर आपटलं आणि खाली मासे विकणाऱ्या बाईच्या टोपलीत पडलं. जोमो म्हणाला, "चला, हे तरी पारखी निघालं."

जोमो बुटका, रुंद, डोक्याला कायम टोपी, नखांत कायम हिरवा रंग. लग्न केलं नाही. मी गवंडी, तो रंगारी. चाळीस वर्षं आम्ही एकाच परांचीवर उभे राहिलो. मी गिलावा चढवायचा, तो ओला असेतोवर त्यानं हात मारायचा. ओल्या चुन्यावरचा रंग भिंतीची कातडी होऊन बसतो, तो फोडल्याशिवाय निघत नाही. वाळल्यावर लावलेला रंग म्हणजे अंगावरचा सदरा. चार पावसाळे गेले की विरतो.

पण जोमोला गाव घाबरायचं ते कारागिरीपायी नव्हे. घरचा माणूस बोटीवर असला की त्या घराची रंगवलेली खिडकी उघडी असते. झडपा दोन्हीकडं भिंतीला टेकलेल्या, मधे काळोख. माणूस समुद्रात गेला आणि सापडलाच नाही, तर त्याची बायको किंवा आई जोमोच्या शिडीखाली येऊन उभी राहते आणि एकच शब्द बोलते. "मीट." तो शब्द तिच्या तोंडून आल्याशिवाय कुणी त्या खिडकीला हात लावायचा नाही. पाद्रीसुद्धा तोवर मेल्याची प्रार्थना म्हणत नाही. मग जोमो टोपी काढतो, शिडी चढतो, झडपा मिटलेल्या रंगवतो, उतरून त्या घरातला एक पेला दारू पितो आणि मजुरी न घेता जातो. आमच्या बुडालेल्यांची थडगी ही अशी, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर.

म्हणून जोमो कुणाच्या दारावरनं नुसता चालला तरी बाया पोरांना आत घ्यायच्या.

धक्क्यावरच्या पिवळ्या घराला समोरून सात खिडक्या दिसतात. सहा खऱ्या. सातवी, तिसऱ्या मजल्यावर डाव्या कोपऱ्यात, जोमोची. त्या मजल्यावर कोलोंबा राहते. तिचा नवरा एराझ्मो कोळशाच्या जहाजावर खलाशी होता. सार्डिनियाच्या पुढं ते जहाज गेलं ते गेलंच. माणसं नाहीत, फळी नाही, काही नाही. त्या वसंतात जोमोनं गावातल्या सात घरांच्या खिडक्या मिटल्या. आठवं घर कोलोंबाचं. ती आली नाही. सव्वीस वर्षं झाली, ती खिडकी उघडीच होती.

त्या सप्टेंबरात माझ्या थोरल्या भावाची विधवा, तेक्ला वहिनी, हिच्याकडं डेन्मार्कची एक मास्तरीण उतरली होती. नाव इंगर. दिवसभर वही घेऊन खिडकीत बसायची आणि समोरचं जे दिसेल ते काढायची. समोर पिवळं घर. एका दुपारी वहिनीच्या चुलीचं धुराडं साफ करून मी आणि जोमो जेवायला बसलो होतो. खारवलेले मासे, पाव, कांदा. इंगर वही घेऊन आली. आमची भाषा ती मोडून-तोडून बोलायची.

"ती वरची बाई," ती म्हणाली, "ती रागावली माझ्यावर?"

"कोण गं बाई?" वहिनीनं विचारलं.

"पिवळं घर. वरची खिडकी. मंगळवार सकाळी बंद. मग दुपारी उघडी. मी हात केला. ती नाही केला."

वहिनी खदखदून हसली. "अगं पोरी, ती खिडकी न्हाई, रंग हाय! ह्या बसलेल्या रेड्यानं काढलाय. विचार त्याला."

"नाही. बंद होती," इंगर म्हणाली आणि तिनं पान उलटून आमच्यापुढं ठेवलं.

पिवळं घर होतं. खाली जाळी विणणारा होता, मांजर होतं, दोरीवरचे कपडे होते. आणि डाव्या कोपऱ्यात मिटलेल्या हिरव्या झडपा. मास्तरीण नीटनेटकी, तिनं पट्ट्यासुद्धा मोजून काढल्या होत्या. मी मोजल्या. अकरा.

जोमो झडपेला बारा पट्ट्या काढतो. जन्मभर बारा. अकरा पट्ट्यांची झडप त्यानं एकदाच काढली होती, आणि तिच्या पट्ट्या अकराच होत्या हे दोघांनाच ठाऊक होतं. एक तो, दुसरा मी.

जोमोनं हातातला पाव ताटात ठेवला. "हवा ओली असंल त्या दिवशी," तो म्हणाला. "दक्षिणचा वारा सुटला की भिंत पाणी पिते. खालचा थर वर येतो."

"खालचा थर कसला?" वहिनीनं विचारलं.

त्यानं टोपी डोक्यावर ओढली आणि गेला.

आता ते सांगतो. जहाज गेल्याला वर्ष झालं होतं. कोलोंबा तेव्हा एकोणतीस वर्षांची, हसली की अख्ख्या धक्क्याला ऐकू जायची, म्हणजे जहाज जायच्या आधी. एके दिवशी ती कंपनीच्या कचेरीत विचारपूस करायला जेनोवाला गेली. ती आगगाडीत बसल्याबरोबर जोमो माझ्याकडं आला. "लाझारो, गिलावा कालव. तिसरा मजला, डावा कोपरा."

"तिनं सांगितलं?"

"सांगंल."

"सांगंल म्हंजे? जोमो, आजवर असं कुणी केलं न्हाई."

"मेलाय तो," जोमो म्हणाला. "ती काय जन्मभर बसून राहणार? कुणीतरी सोडवाया नको तिला?"

कुणीतरी म्हणजे कोण, ते मला कळत होतं. दोन वर्षं तो तिच्या दारावरून उगाच चकरा मारत होता, एराझ्मो जिता असल्यापासून. मला कळत होतं आणि तरी मी गिलावा कालवला. जुना खरवडला, नवा चढवला. घाईत गिलाव्याचा तुकडा लहान पडला, म्हणून पट्ट्या अकराच बसल्या. दुपारपर्यंत झडपा मिटल्या.

संध्याकाळच्या गाडीनं कोलोंबा आली. धक्क्यावरनं चालत येताना तिनं वर बघितलं. ओरडली नाही, रडली नाही. सरळ जोमोच्या दारात गेली. मी तिथंच होतो. ती त्याच्याकडं बघून एकच बोलली, "उघड." त्यानंतर कित्येक वर्षं त्यांच्यात एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी जोमोनं मिटलेल्यावरच उघडी खिडकी काढली. पण चुना वाळला होता. हा रंग सदराच होता. त्यामुळं दर मार्चमध्ये तो शिडी लावायचा आणि तीच उघडी खिडकी पुन्हा रंगवायचा, कुणी न सांगता. खालची झडप मात्र भिंतीच्या कातडीत, तशीच ताजी. पंचवीस वर्षं तो रोज सकाळी धक्क्यावर येऊन पहिल्यांदा वर बघायचा. मला तो एवढंच म्हणायचा, "लाझारो, तिनं एकदा तोंड उघडावं. शिवी दिली तरी चालंल." बाकी आयुष्यात त्यानं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

इंगर गेली आणि आठवड्याभरात पिवळ्या घराच्या गिलाव्याचा परातीएवढा पोपडा मासेवालीच्या टेबलावर कोसळला. तिनं नगरपालिकेत जाऊन असा दंगा केला की दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली. घराचं तोंड सगळं खरवडा, नवं करा. परांची बांधली. वरून खाली छिन्नी मारत आलो. डाव्या कोपऱ्यात पोचलो तेव्हा उघड्या खिडकीचा रंग हात लावताच भुकटी होऊन पडला, आणि आतून मिटलेल्या झडपा निघाल्या. काल काढल्यासारख्या. हिरव्यागार. जोमो बाजूला उभा होता. "फोड लवकर," तो म्हणाला.

फोडल्या. आता भिंत नागडी. नवा गिलावा चढणार म्हणजे खिडकी नव्यानं काढावी लागणार, ओल्या चुन्यावर, कायमची. उघडी का मिटलेली ते तिनं सांगितल्याशिवाय जोमोला ब्रश उचलता येत नव्हता. दोन दिवस आम्ही बाकीचं काम ओढत राहिलो. तो कोपरा तसाच. धक्क्यावर माणसं उगाच रेंगाळत होती. जोमोनं दोन दिवसांत काही खाल्लेलं मी पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोलोंबा खाली आली. काळा झगा, हातात भाजीची पिशवी. शिडीखाली उभी राहिली. जोमो परांचीवर होता. त्यानं टोपी काढली. खाली मासेवालीचा सुरासुद्धा थांबला.

तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "लाझारो," ती मला म्हणाली, "भिंत किती जाड हाय?"

"दीड हात."

"फोड."

"म्हंजे?"

"बहिरा झालास का? भिंत फोड. खरी खिडकी बसव. उघडायची का मिटायची ते माझं मी बघीन रोजच्या रोज. दुसऱ्याच्या हातात न्हाई ठेवायची."

तेक्ला वहिनीला राहवेना. दारातनंच ओरडली, "अगं, पण माणूस मेला का जिता, ते तरी सांग की! पाद्रीबाबा किती वर्सं थांबणार?"

"दिवसाचा जिता," कोलोंबा म्हणाली. "रातचा मेला. झालं समाधान?" आणि भाजी आणायला गेली.

भिंत फोडायची तर आतल्या बाजूनं आधी बघायला हवं. मी घण घेऊन वर गेलो. माझ्यामागं जोमो आला, मी बोलावलं नव्हतं. कोपऱ्यातल्या त्या खोलीत दिवसाही अंधार. मी कंदील वर धरला. समोर कोरी भिंत होती आणि भिंतीवर पडदा. चांगला, विणलेला, धुतलेला पडदा, दांडीला कड्या लावून, मधे दुभागलेला. पडद्यापुढं एक खुर्ची. पडदा सारला तर पाठीमागं नुसता चुना. त्या चुन्यावर, बसलेल्या बाईचं कपाळ येईल तितक्या उंचीवर, हाताच्या तळव्याएवढा काळा, तेलकट, गुळगुळीत डाग.

मी गवंडी माणूस. भिंतीला माणसाचं अंग लागून लागून डाग पडायला किती वर्षं लागतात, ते मला कळतं.

जोमो खुर्चीशी उभा राहिला. दर मार्चमध्ये शिडीवर चढून तो ज्या जागी काळोख रंगवायचा, तीच ही जागा. मधे फक्त दीड हात.

"आवाज," जोमो म्हणाला. "ब्रशचा आवाज यायचा?"

मला वाटलं मलाच विचारतोय. पण दारात कोलोंबा येऊन उभी होती, पिशवीतनं कांद्याची पात बाहेर आलेली.

"यायचा," ती म्हणाली.

तेवढंच. मग मला म्हणाली, "पडदा काढून घे आधी, धुळीनं माखंल." मी पडदा काढला, घडी करून तिच्या हातात दिला आणि पहिला घण त्या डागावरच घातला. दगड आत-बाहेर सुटले. तिसऱ्या प्रहरी भोक पडलं, वारा आत आला आणि खोलीतल्या कंदिलाची ज्योत विझली.

सुताराकडनं चौकट आली. झडपा जोमोनं रंगवल्या, लाकडाच्या, खऱ्या. मोजून बारा पट्ट्या. पहिल्या संध्याकाळी अंधार पडायच्या आत कोलोंबा खिडकीत आली. धक्का भरलेला होता. तिनं समुद्राकडं बघितलं, हात बाहेर काढून दोन्ही झडपा ओढल्या. लाकडावर लाकूड आपटलं. एवढासा आवाज, पण धक्क्यावरच्या बारमधला पत्त्यांचा डाव थांबला.

माझ्याशेजारी जोमोनं टोपी काढली.

सकाळी सहाला झडपा उघडल्या. त्यानं टोपी घातली. तेव्हापासून हेच. संध्याकाळी तो धक्क्याच्या दगडावर येऊन बसतो, झडपा आपटल्या की टोपी काढतो, उघड्या डोक्यानं घरी जातो. हिवाळ्यात सर्दी होते. पोरं हसतात. वहिनी म्हणते, "भावजी, त्या खुळ्याला सांगा, मरंल एक दिवस." मी सांगत नाही.

परवा तो दगडावर बसल्या बसल्या म्हणाला, "लाझारो, त्या मास्तरणीला दिसलं ते ओलाव्यानंच, न्हाई का? दक्षिणचा वारा असणार."

"तर काय," मी म्हणालो.

इंगरनं ते पान वहिनीला भेट देऊन टाकलंय. खाली तारीख आहे. मला तो मंगळवार आठवतो. त्या सकाळी मी भिजलेली पोती गच्चीवर वाळत घातली होती आणि दहाच्या आत ती कडकडीत वाळली होती. चार दिवस डोंगरावरचा कोरडा वारा सुटलेला होता.

वर झडपा आपटल्या. जोमोनं टोपी काढली. ह्या वेळी मीही काढली.