अंबाडीला नारळाचा कायदा

आमच्या गावात नारळाचं झाड नव्हतं, अजूनही नाही. नारळ पाहायचा तो देवळात, नाहीतर बाईच्या ओटीत, तोही सोललेला, वर तेवढी शेंडी राखलेला. अशा गावातल्या मी काथ्या वळायचं तीन महिन्यांचं शिक्षण घेतलं आणि त्याचा कागद काचेत घालून भिंतीला टांगला, हे आज सांगितलं तर नातवंडं हसतात. हसा बापा. पुढचं घडलं नसतं तर मीही हसले असते.

आणीबाणी नुकती उठली होती तेव्हाची गोष्ट. नाचणगावच्या अलीकडे, नाल्याच्या काठी आमची वस्ती. मी नवी सून. मॅट्रिकला बसून नापास झालेली, पण वस्तीतल्या बायकांत वाचता येणारी तेवढीच. एका संस्थेनं मजूर बायकांसाठी पुलगावात वर्ग काढला आणि त्यात माझं नाव लागलं. शिकवायला कोकणातले एक मास्तर होते, गरीब, सज्जन माणूस. काथ्याचे गठ्ठे दुरून रेल्वेनं यायचे. वर्ग संपल्यावर संस्थेनं वस्तीला एक रहाट, म्हणजे दोर वळायचं चाक, दिला, आणि मी आणखी पाच जणींना तो चालवायला शिकवलं. त्या मला चिडवायच्या, "आली पाह्य मास्तरीण!" मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

घरात माझी सासू. तिला मी आत्याबाई म्हणायचे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायची, "डोया फोडून घ्याले जाऊ का मी?" ऊन आणि सावली तेवढी तिला कळायची. निंदणाला जाणं बंद झालं होतं, कापूस वेचणं बंद झालं होतं. राहिलं होतं एकच काम, अंबाडीचा दोर वळायचं. त्याला डोळे लागत नाहीत. ओट्यावर पाय पसरून बसायची, अंबाडीच्या धाग्याची बट मांडीवर घ्यायची आणि तळहातानं असा पीळ द्यायची की दोर कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. दावी, कासरे, बैलांच्या म्होरक्या, सगळं तिच्या हातचं. पोळ्याच्या आधी शेतकरी घरी येऊन विचारायचे, "बुढीच्या हातचं दावं हाये का?" तेवढ्यावर तिची मान ताठ होती. आयतं खाणं तिला विषासारखं होतं. पोटच्या पोराच्या घरीसुद्धा तिनं कधी म्हटलं नाही की आता माझं वय झालं, बसून खाते.

ही अंबाडी आमची स्वतःची कुठून असणार, आम्हाला एक वीत जमीन नव्हती. पण आमच्याकडे एक रीत होती. शेतकरी तुरीच्या, कपाशीच्या कडेनं धुऱ्याधुऱ्यानं अंबाडी पेरायचे. पाला भाजीला सगळ्यांचा, पण उभं झाड, ज्या बायकांनी ते शेत निंदलं त्यांचं. कुणी लिहून दिलेलं नव्हतं, कुणी मोडतही नव्हतं. दिवाळीनंतर आम्ही ती कापायचो, पेंढ्या बांधायचो आणि नाल्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायचो. साल कुजून सुटली की तिचा वाख निघतो, म्हणजे दोराचा धागा. वर्षभराचं काम त्या एका डोहात असायचं.

त्या वर्षी झालं असं की काथ्याचे गठ्ठे येणंच बंद झालं. दोनदा पुलगावच्या स्टेशनावर जाऊन हात हलवत परत आलो. संस्थेचा माणूस म्हणाला, वरूनच माल नाही. रहाट कोपऱ्यात पडला, कोंबड्या त्यावर बसायला लागल्या. मग माझ्या डोक्यात आलं, काथ्या नाही तर नाही, रहाटावर अंबाडी चढवू. एका दिवसात जितका दोर हातानं होतो त्याच्या तिप्पट होईल. बायकांना पटलं. आत्याबाईलाही पटलं, हे मुद्दाम सांगते. ती जुन्याला कवटाळून बसणारी नव्हती. म्हणाली, "करून पाहू. मी वाख निवडून देईन, तुमी फिरवजा."

अडचण एकच होती. अंबाडीचा वाख राठ, रहाटावर तटतट तुटायचा. मी माझी वही काढली. वहीत मास्तरांचं वाक्य होतं : नारळाची सोडणं, म्हणजे वरच्या जाड साली, खाडीच्या पाण्यात महिनोन्महिने गाडून ठेवतात, जितकी जास्त भिजतील तितका काथ्या मऊ. मी त्याखाली दोन रेघा मारलेल्या. मास्तर बिचारे नारळाबद्दल बोलले होते. त्यांनी जन्मात अंबाडी पाहिली नव्हती. पण मला वाटलं, धागा तो धागा, पाणी ते पाणी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो काही उगाच नाही.

दिवाळीनंतर, या खेपेला जास्त दिवस ठेवायचं ठरवून, पेंढ्या डोहात दाबल्या. बाराव्या दिवशी आत्याबाई म्हणाली, "मले डोहावर ने." हात धरून नेलं. ती गुडघाभर पाण्यात उतरली, एक काडी उपसली, नखानं साल सोलली, दोन बोटांत चोळली, मग नाकाशी धरली. चेहरा एकदम उजळला तिचा.

"आजच काढा पोरीहो. उद्या नाई. आज साल हाताशी येऊन राह्यली."

पाचही जणी माझ्याकडे पाहायला लागल्या. माझ्याकडे, तिच्याकडे नाही. पिकतं तिथं विकत नाही, तसं झालं. चाळीस वर्षं वाख काढणारी बाई पाण्यात उभी होती आणि बायका काचेतल्या कागदाकडे पाहत होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, अजून आठ-दहा दिवस राहू द्या. मऊ होईल."

"मऊ नाई होत बाई, सडते. काऊन आइकत नाई?"

मला राग आला. एवढ्या जणींसमोर मला जाब विचारते, काऊन म्हणून! आणि मी बोलले. आजही ते आठवलं की वाटतं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "तुमाले दिसते का काई? मी शिकून आली हावो."

तिनं काडी पुन्हा पाण्यात सोडली आणि माझ्यापुढे हात केला, वर यायला. रस्ताभर माझा हात धरूनच आली, दुसरा कुणाचा नव्हताच. घरी येऊन मी मनातल्या मनात बरंच भांडले तिच्याशी. क्षमा मात्र मागितली नाही.

पंधरावा दिवस गेला, अठरावा गेला. वास वस्तीपर्यंत यायला लागला. मी म्हणायचे, वास येणारच, काथ्यालाही येतो. एकविसाव्या दिवशी आम्ही दगड काढले. पहिली पेंढी उचलली आणि माझ्या हातात नुसता गाळ आला. साल अशी सुटली की तिच्यात धागाच राहिला नव्हता, शिळ्या शेवयांसारखं बोटांतून गळून गेलं. दुसरी पेंढी तशीच, तिसरी तशीच. आम्ही सगळा डोह उपसला. सहा घरांची वर्षाची अंबाडी, आणि हातात आल्या पांढऱ्या काड्या, चुलीत घालायला.

कुणी मला शिवी दिली असती तर सोसलं असतं. एकजण काठावर बसून रडली. दुसरी म्हणाली, "जाऊ दे माय, होते एकादवेळी." आणि काड्यांचा भारा बांधून घेऊन गेली. नंतर कुणी मास्तरीण म्हणून हाक मारली नाही.

पुढं मी लोकांना सांगत आले की नायलॉनच्या दोरानं आमचा धंदा खाल्ला. खोटं नाही ते. पुलगावच्या बाजारात लाल-हिरवे दोर आले, पावसात न कुजणारे, आणि शेतकऱ्यांनी धुऱ्यावर अंबाडी पेरणं सोडलं. पण ते दोन-तीन वर्षांनी. त्या वर्षीचं मी खाल्लं होतं.

हिवाळा, उन्हाळा आत्याबाई ओट्यावर बसून राहिली. मांडीवर हात फिरायचा, पण हाताखाली काही नसायचं. जुना तुटका दोर उसवायची आणि तोच पुन्हा वळायची. जेवताना अर्धी भाकर परत टोपलीत ठेवायची, म्हणायची, भूक नाई. मला कळत होतं काय ते. नवऱ्यालाही कळत होतं.

आषाढात निंदणं लागली. एके दिवशी मी घरी कपडे धूत होते, आणि तिनं शेजारणीला गळ घातली, "मले घेऊन चाल, मी हातानं चाचपून निंदीन." शेजारणीला नाही म्हणवलं नाही. आत्याबाई ओळ धरून बसली, सगळ्यांसारखी. दुपारी शेतकरी आला तेव्हा तिच्या मागं दोन ओळी कपाशी उपटून पडलेली आणि गवत उभं. तो भला माणूस, ओरडला नाही. पूर्ण रोजी तिच्या हातात दिली, नमस्कार केला आणि म्हणाला, "माय, आता उद्या येजो नोको."

संध्याकाळी मी ताट वाढलं. भाकर आणि तिला आवडते ती अंबाडीची भाजी. तिनं ताट पुढं सरकवलं. रोजीचे पैसे माझ्यापाशी दिले, म्हणाली, "उद्या त्याले वापस नेऊन देजो. म्या आज दुसऱ्याचं पीक नासवलं. नासवणाऱ्यानं त्या दिवशी जेवू नाई."

रागानं नाही म्हणाली. टोमणाही नव्हता तो, तिला टोमणे मारता येत नसत. तिला खरंच तसं वाटत होतं. ती पाणी पिऊन झोपायला गेली.

मी तिथंच चुलीपाशी बसले. तिनं दोन ओळी उपटल्या होत्या. मी सहा घरांचं वर्ष सडवलं होतं, आणि तेव्हापासून त्या रात्रीपर्यंत एक वेळही उपाशी राहिले नव्हते.