कुरुंद्याच्या मामांची अमेरिका

अमेरिकेला स्वतःचं शास्त्रीय संगीत आहे की नाही, या काळजीनं अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकाच माणसाची तब्येत बिघडते, आणि तो माणूस माझ्या बायकोचा थोरला मामा आहे. कचेरीतली कारकुनी संपवून मामा कुरुंद्याला घरी आले आणि त्यांनी अमेरिकन संगीताचा इतिहास मराठीत लिहायला घेतला. विमान त्यांनी फक्त आकाशातून जाताना पाहिलंय, पण तिकडच्या चर्चमधली जुनी स्तोत्रं ते औंढ्याच्या देवळातल्या आरतीइतक्या खात्रीनं समजावून सांगतात. एकदा मीटर बघायला आलेला वायरमन त्यांच्या तावडीत सापडला. स्तोत्रांपासून बँडपथकांपर्यंत येता येता त्याचे तीन चहा झाले, आणि बिचारा मीटर न बघताच पळाला. ऐकण्याचं वेड तर लग्नापासूनचं: सिम्फनी, म्हणजे तिकडचा मोठा वाद्यमेळ, लागली की घरातला मिक्सर बंद. भाकरी थापताना मामी नुसत्या गुणगुणल्या तरी मामा ओरडत, "अगं गप! व्हायोलिन येऊन राहिले!"

मला मात्र त्यांचं हे वेड मनापासून आवडतं. गेल्या उन्हाळ्यात त्यांची इतिहासाची वही एका मोठ्या प्रकरणावर आली. "जावईबापू, ते लोक किती वर्षं युरोपाकडं तोंड करून बसले," मामा कळवळून म्हणाले, "अन् खरं गाणं त्यायच्याच कापसाच्या शेतात, राबणाऱ्या गुलामांच्या तोंडी! काहून ऐकलं न्हाई?" दुसऱ्याच दिवशी आपल्याकडच्या राबणाऱ्यांची गाणी मोबाइलवर टिपायला ते मला ओढत जवळच्या तांड्यावर घेऊन गेले. तिथली एक म्हातारी हसायलाच लागली. "आमच्याकडं काहून आले? तुमच्या घरच्या बाईंचं घ्या की! साऱ्या गावच्या हळदीला त्याच तर गातेत."

घरी आल्या आल्या मामांनी मोबाइल मामींपुढं धरला. "म्हण."

मामी शांतपणे म्हणाल्या, "बायांत म्हणते मी. तुमच्यापुढं आता तोंडच उघडत न्हाई. चाळीस वर्षं गप म्हणलात."

मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तेव्हापासून इतिहास अडलाय. मामा रोज स्वयंपाकघरात लसूण सोलत बसतात; मोबाइल बाहेर ठेवून येतात. परवा मी हळूच विचारलं, "म्हणल्या का मामी?" मामा खुशीत होते.

"न्हाई अजून," ते म्हणाले. "पण काल म्हणली, उद्या तुरीच्या शेंगा हायेत, सोलायला या."