शिडीची खालची पायरी

पवनचक्कीचा पाया म्हटलं की लोकांना सिमेंटचा चौथरा दिसतो. मी ड्रॉइंगमध्ये काढते तो पाया म्हणजे उथळ समुद्राच्या तळात ठोकलेला जाडजूड लोखंडी नळा. त्याच्या अंगाला शिडी. दुरुस्तीला आलेला माणूस बोटीतून त्या शिडीवर पाय टाकतो. घोडबंदर रोडवरच्या एसी ऑफिसात बसून मी गुजरातच्या किनाऱ्यासाठी ती शिडी काढत होते.

समुद्राची मापं घेणारे सगळ्यात खालच्या ओहोटीला शून्य धरतात. जमिनीवरचे इंजिनिअर पाण्याच्या सरासरी पातळीला. आमच्या सरांनी समुद्रवाल्यांचे आकडे सरळ जमिनीच्या शून्यावर बसवले आणि म्हणाले, "हे घे, काढ." काढून बघते तर दोन शून्यांतल्या फरकाएवढी शिडी वर सरकलेली. भरतीला सगळं छान, आणि ओहोटीला खालची पायरी बोटीतल्या माणसाच्या डोक्याच्याही वर.

सांगायला गेले तर म्हणे, "ओहोटीला कोण जातंय? भरतीला जातील." माझं डोकंच फिरलं. चढेल भरतीला, पण काम उरकून उतरेपर्यंत पाणी गेलेलं असतं, एवढंही कळू नये? माझे बाबा डोंबिवलीच्या खाडीत रेतीची होडी चालवायचे. ओहोटीला धक्क्यावरून होडीत उतरताना पाय निसटला आणि गुडघा कायमचा गेला. वर सर मलाच विचारतात, "तू समुद्र बघितलायस का कधी?" अहो, साइटवर जायला मी दोनदा अर्ज केलेला. बार्जवर लेडीजची सोय नाही म्हणून तुम्हीच नाही म्हणालात.

मग मी ओहोटीचं पाणी, बोट, हात वर केलेला माणूस आणि वर लटकलेली पायरी असं चित्र काढलं आणि क्लायंटच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ठेवलं. शिडी खाली वाढवायचं तिथेच ठरलं.

ड्रॉइंग बदललं की कोपऱ्यात कारण लिहावं लागतं. सर म्हणाले, "ड्राफ्टिंगची चूक, असं टाक." ड्राफ्टिंग माझं, म्हणजे चूक माझी. मी खरं कारण लिहून सही केली. दोन दिवसांनी मला त्या कामावरून काढलं. प्रिंट हातात आली तर माझ्या नावापुढे ड्राफ्टिंगचीच चूक.

घरी येऊन बाबांसमोर तणतणले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"शिरी पान्यापर्यंत गेली का नाय?"

"गेली."

"मंग त्याचा गुरघा वाचला," ते म्हणाले, आणि खुर्चीचा हात धरून सावकाश उठले.