सात आकड्याखालचं टिंब

पन्नासच्या दशकात, बी.ए. झाल्या झाल्या मी रत्नागिरीत एका पाहणीच्या कचेरीत लागले. काही वर्षांपूर्वी दापोलीकडच्या एका गावाची घरोघर पाहणी झाली होती. तीच पुन्हा करायची होती. आमचे साहेब मोठे काटेकोर. म्हणाले, "आधी जुन्या फॉर्मांवरून अहवालातला जुनाच घरवार तक्ता परत करून दाखवा. जुळला, तर पुढे जाऊ."

जुळेना. बऱ्याच पुरुषांच्या नावापुढे सात आकडा होता आणि कुठल्या आकड्याचा काय अर्थ, ती छापील यादी सहापाशीच संपत होती. सातवाले धरले तर अहवालापेक्षा माणसं जास्त व्हायची, सोडले तर कमी पडायची. मला चैन पडेना. हे फॉर्म भरणारे मास्तर हर्णैला असतात असं कळलं, तशी साहेबांना विचारून मी फॉर्मांचं गाठोडं घेऊन आगबोटीने निघाले.

मास्तर मुसलमान मोहल्ल्यात राहत. पडवीत चटईवर त्यांनी फॉर्म पसरले आणि लगेच हसले.

"ताई, सातखाली टिंब आहे ते पाहिलंत?"

"मला वाटलं शाई सांडली."

"सांडली नाही, मी दिलंय. सात म्हणजे मुंबईला. एका बाईच्या नवऱ्याला मी घरात धरला नाही, तर ती केवढी भडकली! म्हणाली, 'शिमग्याला येतो, भात लावायला येतो, मग घरातला नाय तर कोनाचा?' त्या दिवसापासून येणाऱ्याला टिंब. तिकडेच बिऱ्हाड केलंय, त्याला नुसता सात. टिंबवाले तेवढे मोजले."

"पण हे लिहून का नाही ठेवलंत?"

"मला ठाऊक होतं ना!" असं म्हणून ते जरा ओशाळले.

आम्ही तिथेच पुन्हा मोजलं. एक घर सोडून सगळं जुळलं. त्या घराचं मात्र मास्तरांनाही आठवेना.

मग त्यांनी माझे फॉर्म मागितले. रत्नागिरीतच, राजिवड्यात सरावासाठी भरलेले थोडे माझ्या पिशवीत होते. चष्मा सरसावून त्यांनी विचारलं, "हा नऊ कसला?"

घरी कोणी भेटलं नाही, की मी शेजाऱ्यांना विचारून माहिती लिहीत असे आणि पुढे नऊ टाकत असे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, लिहिलं तर नव्हतंच. माझा चेहरा उतरला. मास्तर उठले. आतून दौत आणून माझ्यापुढे ठेवली.

परतल्यावर साहेबांना न जुळलेल्या घराचं सांगितलं. वाटलं, रागावतील.

"जुळलं नाही, हेही लिहा," ते म्हणाले. "पुढे कोणी मोजेल, त्याला निदान कुठे शोधायचं ते कळेल."

मास्तरांचे नियम, माझा नऊ आणि ते एक घर, असा चार पानांचा कागद मी फॉर्मांच्या गठ्ठ्याला दोऱ्याने शिवला. गावात पाहणीला गेले, तेव्हा सगळ्यांत आधी त्याच घराचा पत्ता विचारला.